इंग्रजीच्या क्लासआधी एक पान नीट वाचायला शिकवा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या कार्यकर्तीने विचारलं आहे: "आमच्या मंडळातल्या काही जणी, दोन निवृत्त जवान आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी काही मुलं, अशी पंचवीस ते पंचेचाळीस वयाची माणसं यंदा बी.ए., बी.कॉम.ला नाव घालणार आहेत. सगळ्यांची दहावी मराठी माध्यमातून. मध्ये बऱ्याच वर्षांचा खंड पडला, मग पीयूसी (अकरावी-बारावी) बाहेरून काढली. गेल्या वर्षी तिघी कॉलेजला गेल्या आणि पहिल्या सेमिस्टरलाच सोडून आल्या. आता हातात तीन महिने आहेत. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावावा, की गाइड आणून पाठ करून घ्यावं?"

ताई, दोन्ही नको. या तीन महिन्यांत एकच गोष्ट साधायची आहे. तुमच्या प्रत्येक माणसाला पुस्तकाचं एक पान कुणाच्या मदतीशिवाय वाचून, त्यात काय म्हटलंय ते स्वतःच्या वाक्यांत अर्धं पान लिहिता आलं पाहिजे. पहिला महिना मराठीत, पुढचे दोन महिने ज्या भाषेत परीक्षा देणार त्या भाषेत. एवढं जमलं तर पहिलं सेमिस्टर निघतं. हे जमलं नाही, तर स्पीकिंगच्या क्लासमध्ये शिकलेलं "माय नेम इज" अर्थशास्त्राच्या पेपरात कामाला येत नाही, आणि गाइडमधलं पाठ केलेलं उत्तर प्रश्न जरा फिरवून आला की हातातून सुटतं.

असं का म्हणते ते सांगते. आपल्या शाळांत दहावीपर्यंत बहुतेक वेळा सर फळ्यावर उत्तर लिहायचे आणि आपण उतरवून घ्यायचो. काय महत्त्वाचं ते सरच सांगायचे. कॉलेजात वीस पानांचं प्रकरण समोर येतं आणि त्यात महत्त्वाचं काय, ते कुणी सांगत नाही. त्यातून शाळा सुटून दहा-पंधरा वर्षं झालेली. या काळात वाचन म्हणजे व्हॉट्सॲपवरचा मजकूर, रेशनची पावती, बचत गटाचं पासबुक. सलग पान-दोन पानं वाचायची वेळच आलेली नसते. माणूस हुशार असतो, चार माणसांचं घर आणि गटाचा हिशेब सांभाळतो, पण तिसऱ्या परिच्छेदाला पोचेपर्यंत पहिल्यात काय होतं ते निसटतं. मग तो म्हणतो, "मॅडम, वाचतोय खरं डोक्यात राहात नाही." घरचे म्हणतात, वय झालं. वयाचा यात फार थोडा भाग आहे. सवय मोडली आहे आणि ती परत लावता येते.

कर्नाटकातल्या आपल्या मराठी भागात याला आणखी एक पायरी जोडलेली आहे. दहावीपर्यंत मराठी, आणि पीयूसीपासून एकदम कन्नड किंवा इंग्रजी. मराठी उरते ती फक्त एक भाषा विषय म्हणून. नियमित शिकणारी सोळा वर्षांची मुलंही इथे अडखळतात. बाहेरून पीयूसी काढणारा तर ती पायरी गाइडच्या आधारानेच चढलेला असतो, म्हणजे खरं तर चढलेलाच नसतो. तुमच्या त्या तिघी परत आल्या त्याचं कारण मला इथेच दिसतं. त्यांचं गुणपत्रक मागवून बघा. जे पेपर निघाले असतील ते वाया जात नाहीत, राहिलेले पुढच्या परीक्षांत देता येतात. त्यांनाही या तीन महिन्यांत बसवा.

आता कुणी सांगेल, आधी वर्षभर इंग्रजी व्याकरण पक्कं करा, मग कॉलेजला पाठवा. ऐकू नका. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांत) अनेक वर्षं हेच चाललं होतं. प्रवेश चाचणीत कमी पडलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना आधी दोन-दोन, तीन-तीन पूर्वतयारीचे कोर्स करायला लावायचे, खरा विषय नंतर. फार मोठ्या संख्येने माणसं त्या खऱ्या विषयापर्यंत पोचलीच नाहीत. काही नापास झाली, पण कितीतरी जण पहिला कोर्स पास होऊनही दुसऱ्याला आलेच नाहीत. घर, नोकरी, मूल यांतलं काहीतरी मध्ये आलं. शेवटी कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून बहुतेकांना थेट पदवीच्या पातळीच्या विषयात बसवायचं आणि लागेल तो आधार तिथेच द्यायचा, अशी दिशा घेतली. वॉशिंग्टन राज्यात २००४ पासून एकाच वर्गात दोन शिक्षक, एक विषय शिकवणारा आणि एक वाचन-लेखन-गणित सांभाळणारा, असा प्रयोग सुरू झाला. आपल्याला दोन शिक्षक कुठून मिळणार? पण त्यातला मुद्दा घेता येतो. तयारीचं साहित्य म्हणून वेगळं पुस्तक आणायचं नाही. पहिल्या सेमिस्टरचीच पुस्तकं आणा, अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा, आणि त्यातली पानं घेऊनच वाचायला शिकवा. कॉलेज सुरू होईल तेव्हा पहिली दोन प्रकरणं त्यांना ओळखीची असतील. पहिल्या महिन्यात वर्गात मान वर करून बसता येणं फार मोलाचं असतं.

सुरुवात चाचणीने करा, पण तिला चाचणी म्हणू नका. पहिल्या संध्याकाळी चार कामं द्या. 'तरुण भारत'मधला एखादा अग्रलेख पंधरा मिनिटं वाचायचा आणि पेपर पालथा घालून त्यात काय म्हटलंय ते पाच वाक्यांत तोंडी सांगायचं. "मी जे काम करते ते कसं करतात" यावर अर्धं पान मराठीत लिहायचं. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घेतलेल्या १०,००० रुपयांवर वर्षाचं व्याज किती आणि ते किती टक्के, हे काढायचं. आणि पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकाचं एक पान घेऊन ओळखीच्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची. चौथं काम मुद्दाम असंच ठेवलंय. न येणाऱ्या शब्दांना खुणा करायला सांगितलं की पान भरतं आणि माणूस खचतो. येणाऱ्यांना खुणा केल्या की "अर्धं येतंय की" असं तो स्वतःच म्हणतो.

या चारांवरून तुम्हाला कळेल कोण कुठे अडतं. अग्रलेख सांगता येतो पण लिहिता येत नाही, अशी माणसं सगळ्यात जास्त निघतील. त्यांचं काम लवकर होतं. अग्रलेखच सांगता येत नाही, त्यांना जास्त वेळ द्या. त्यांच्यात कुणाला चष्म्याची गरज आहे का तेही बघा. हे मी गांभीर्याने सांगते. चाळिशीच्या बाईला बारीक टाइप दिसत नाही आणि ती "मला वाचायचा कंटाळा" म्हणते, असं कितीदा पाहिलंय.

पान वाचायची पद्धत सांगते, कारण सगळा भार तिच्यावर आहे. दोघा-दोघांच्या जोड्या करा. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली. शीर्षक, पोटशीर्षकं, पहिला आणि शेवटचा परिच्छेद एवढंच वाचायचं आणि हे पान कशाबद्दल आहे ते जोडीदाराला एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला चार-पाच शब्दांत नोंद, भले ती मराठीत असो. मग पुस्तक मिटायचं. मिटल्यावर जोडीदाराला पान सांगायचं, त्याने मध्ये "का?" आणि "म्हणजे काय?" विचारायचं. मग लिहायचं. सगळ्यात शेवटी पुस्तक उघडून काय राहिलं ते वेगळ्या शाईने भरायचं. सुरुवातीला एका पानाला पाऊण तास लागेल. लागू द्या. घाई करून तीन पानं उरकू नका. महिन्याभरात तेच पान वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

पुस्तक मिटून सांगणं हा यातला गाभा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आपली माणसं रात्री जेवणं आटोपल्यावर तेच पान चारदा वाचतात आणि सकाळी कोरी असतात, त्याचं उत्तर यात आहे. चारदा वाचण्याऐवजी एकदा वाचा, आणि भाकऱ्या थापताना, बसमध्ये, मशीनवर उभं असताना मनात आठवा. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून मोठ्या माणसांना ही पद्धत परवडते.

लिहिण्याबद्दल. कोऱ्या कागदावर "लोकशाहीचे महत्त्व" लिहायला लावू नका. ज्या गोष्टीत ती व्यक्ती वाकबगार आहे तीच लिहायला द्या. जांबोटीकडच्या एका ताईने पहिल्या दिवशी लिहिलं होतं: "पाऊस पडतो मग तरवा टाकतात मग चिखल करतात मग लावतात." चार क्रियापदं, एक वाक्य, संपलं. मी विचारलं, तरवा, म्हणजे भाताची रोपं, वेगळा का टाकायचा? बेळगावच्या पूर्वेला तर धूळवाफेवर, कोरड्या जमिनीत, थेट पेरतात, तुम्ही का पेरत नाही? ती दहा मिनिटं थांबलीच नाही. पेरलं तर तण माजतं, भांगलणीला माणसं लागतात. लावलं तर उभ्या पाण्यात तण दबतं, पण लावणीच्या आठवड्यात सगळ्यांनाच माणसं हवी असतात आणि मजुरी चढते. आमच्याकडे पाऊस एवढा की पेरलेलं वाहून जायचं. मी म्हटलं, हेच लिही, फक्त याच क्रमाने. लावणी म्हणजे काय, कशी करतात, का करतात, पेरणीपेक्षा वेगळी कशी, कुठे तोटा होतो. दीड पान झालं.

मग तिला दाखवलं की दहा गुणांच्या उत्तराचा सांगाडा हाच असतो. "मागणीवर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा" आलं तरी मागणी म्हणजे काय, कोणते घटक, प्रत्येकाने मागणी का वाढते किंवा घटते, उदाहरण, आणि कुठे हा नियम लागू पडत नाही. दोन गुणांचं उत्तर म्हणजे त्यातलं "म्हणजे काय" एवढंच. पाच गुणांचं म्हणजे "म्हणजे काय" आणि "का". प्रश्नात "डिफाइन" आलं, "एक्सप्लेन" आलं की "कंपेअर" आलं, त्यावर सांगाड्यातला कोणता भाग लिहायचा ते ठरतं. पूर्ण महिनाभर मराठीत हे केलंत तरी वेळ वाया गेला असं समजू नका. एका भाषेत कमावलेलं वाचन-लेखनाचं बळ दुसऱ्या भाषेत उतरतं, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं आणि द्विभाषिक शिक्षणात ते आजही आधाराला घेतात. मी वर्गात ते रोज बघते. ज्याला मराठीत मुद्द्याला धरून लिहिता येतं त्याची इंग्रजी मोडकी असली तरी उत्तर उभं राहतं.

आता माध्यम. इथे लोक चाचरतात, म्हणून स्पष्ट लिहिते. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाच्या पदवीला जायचं तर उत्तरं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहावी लागतात. आपली माणसं न विचारता इंग्रजी धरतात. माझा अनुभव असा की ज्यांना कन्नड बोलता येतं आणि बसच्या पाट्या, पंचायतीचे कागद थोडेफार वाचता येतात, त्यांनी बी.ए.साठी कन्नडचा विचार जरूर करावा. वाक्याची रचना मराठीसारखीच, क्रियापद शेवटी. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संविधान हे शब्द तेच. लिपी वाचायचा वेग वाढवायला दोन महिने रोज अर्धा तास पुरतो. शाळेत दुसरी-तिसरी भाषा म्हणून बहुतेक जण ती शिकलेले असतात. भाषेचा अभिमान आणि परीक्षेचं माध्यम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. मराठी विषय घेऊन, मराठी वाचत-लिहीत राहून इतर पेपर कन्नडमध्ये दिले तर कुणाचं मराठीपण कमी होत नाही. बी.कॉम.चं मात्र वेगळं. तिथे हिशेबाच्या संज्ञा, सॉफ्टवेअर, पुढची नोकरी सगळं इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजीच धरलेली बरी.

आणि ज्यांना कन्नड अजिबात वाचता येत नाही, इंग्रजीची धास्ती आहे, पण शिकायचंच आहे, त्यांनी हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात बघावं. निपाणीच्या लोकांना हे नवीन नाही. देवचंद कॉलेज निपाणीला लागूनच आहे, पण ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. तिथे बी.ए.ची उत्तरं मराठीत लिहिता येतात. कुद्रेमनी, उचगाव भागातल्यांना चंदगड तालुक्यातली कॉलेजं जवळ पडतात. तुमच्या खानापूरकरांना मात्र रोजचं जाणं-येणं जड जाईल, आणि नियमित कॉलेजात हजेरी ७५ टक्के लागते हे विसरू नका. नोकरी सांभाळून ती भरणार नसेल तर दूरशिक्षण. त्या वर्षीच्या प्रवेशासाठी ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत आहे का, ते स्वतः उघडून बघा. गावातल्या एजंटाच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका.

इंग्रजीत जाणाऱ्यांसाठी एक वही तेवढी ठेवा. इंग्रजी संज्ञा, मराठी अर्थ, आणि तिचं स्वतः बनवलेलं एक साधं इंग्रजी वाक्य. दिवसाला पाचच. "डिमांड", "सप्लाय", "रेव्हेन्यू" असे विषयाचे शब्द घ्याच, पण "देअरफोर", "हाउएव्हर", "ड्यू टू" हे जोडणारे शब्द आधी. परिच्छेदाचा अर्थ यांच्यावर फिरतो आणि गाइड यांच्याकडे लक्षच देत नाही. व्याकरण या वाक्यांवरूनच दुरुस्त करा, तेही एका वेळी एकच चूक. लाल शाईने भरलेला कागद बघून मोठी माणसं दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

बी.कॉम.वाल्यांच्या हिशेबाबद्दल जरा थांबते, कारण तुमच्या गटातल्या बायका यात कॉलेजच्या पोरांपेक्षा पुढे असतात आणि त्यांना ते माहीत नसतं. गटाचं कॅशबुक लिहिणारीला जमा-नावे कळतं. वर दिलेलं व्याजाचं गणित बघा: महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४०० रुपये, म्हणजे २४ टक्के. पुस्तकातली टक्केवारी न येणारी बाई हे तोंडी सांगते. तिथून सुरू करा आणि मग सूत्राकडे जा. उलट क्रमाने गेलात तर ती सूत्रातच अडकेल. डेअरीची पावती घ्या, फॅटवरून दर आणि लिटरवरून रक्कम कशी बसते ते काढायला लावा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मुलाला ड्रॉइंगवरचा अधिक-उणे फरक रोज वाचावा लागतो, त्याला दशांश अपूर्णांक शिकवायची गरज नाही, फक्त त्याला ते येतंय हे दाखवायची गरज आहे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे जवळजवळ सगळे अडखळतात. बँकेच्या पासबुकात आपण पैसे भरले की "क्रेडिट" लिहून येतं. कॉलेजच्या अकाउंटन्सीत रोकड आली की रोकड खातं "डेबिट" करायचं. बायका म्हणतात, हे उलटं कसं? उलटं नाही. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा आहे. आपण भरलेले पैसे बँकेला आपल्याला परत द्यायचे आहेत, म्हणून तिच्या वहीत ते आपल्या नावाने क्रेडिट. आपल्या वहीत तेच पैसे बँकेकडून येणं आहेत, म्हणून डेबिट. एकच व्यवहार दोन वह्यांत समोरासमोर मांडून दाखवा, गटाची वही डावीकडे, बँकेची उजवीकडे. ही एक संध्याकाळ नीट गेली तर जर्नल एंट्रीचं, म्हणजे व्यवहाराच्या पहिल्या नोंदीचं, भय बरंचसं जातं. घाईत गेली तर वर्षभर ती पाठांतरावर चालेल.

वेळापत्रक आपल्या पावसावर आणि शेतीवर बसवा. जूनच्या आधीचे तीन महिने चांगले आहेत, लग्नसराई धरूनसुद्धा. पुढे जुलैत लावणी, आणि कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस असा की कधी कधी रस्ताच बंद होतो. त्या दिवसांत वर्ग भरणार नाही हे आधीच धरा आणि फोनवर काम द्या: एका पानाचा फोटो, आणि तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये ते पान सांगून पाठवायचं. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा बहुतेक वेळा सुगी-मळणीच्या अंगावर येते, तेव्हा अभ्यासाचा मोठा भाग गणपतीनंतर लगेच, भात पोटरीत असताना उरकायचा. फाउंड्रीवाल्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते. त्यांच्यासाठी तोच धडा सकाळ-संध्याकाळ दोनदा घ्यावा लागेल. घेता येत नसेल तर जोडीदार पहिल्या शिफ्टचा आणि दुसऱ्या शिफ्टचा असा करू नका. दोघे एकाच शिफ्टचे असू द्या, म्हणजे निदान एकमेकांना भेटतील. बायकांसाठी जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास मोफत झाला आहे. खानापूरहून बेळगावला कॉलेजला किंवा वाचनालयाला जायला त्याचा पुरेपूर उपयोग करा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांना तिथे घेऊन जा आणि दोन तास बसवा. शांत जागी टेबलावर बसून वाचण्याची सवय घरच्या पडवीत लागत नाही.

कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात काढा. आपल्याकडे प्रवेश अडतो तो गुणांपेक्षा नावावर. शाळेच्या दाखल्यावर मराठीतून माहेरचं नाव, आधारवर कन्नडमधून उतरवलेलं सासरचं नाव, दहावीच्या मार्क्सकार्डावर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी काढावा लागतो आणि तिथे आधारचं नावच येतं. प्रत्येकीची सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा, तीन रकाने करा आणि फरक लिहून काढा. दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) उत्पन्न आणि जातीचे दाखले, हे सगळं शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर एखादी चांगली विद्यार्थिनी केवळ एका अक्षरापायी वर्षभर मागे राहते. बोर्ड बदलून जाणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं.

घरच्यांशी तुम्ही बोला, विद्यार्थिनीवर सोडू नका. सासूबाईंना भेटा. "कॉलेज" हा शब्द ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते विचारा आणि ऐकून घ्या. आठवड्यातून किती तास, कुठे, कोण सोबत, परत किती वाजता, हे आकड्यांत सांगितलं की निम्मा विरोध मावळतो. माझ्या वर्गातल्या अनेक आया मुलांसोबत एकाच टेबलावर बसून अभ्यास करतात. त्याचा मुलांवर जो परिणाम होतो तो बघून नवरेही बदललेले मी पाहिलेत. निवृत्त जवानांची अडचण निराळी असते. बेळगावच्या मराठा सेंटरमधून (मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रातून) ट्रेनिंग घेऊन देशभर फिरलेला माणूस, हिंदी फर्डी, शिस्त पक्की, पण आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर "समजलं नाही" म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. त्यांना गटात जबाबदारी द्या. हजेरी, वेळ, जोड्या लावणं त्यांच्याकडे सोपवा. दुसऱ्याला समजावून सांगायची सवय लागली की स्वतःचा प्रश्न विचारणंही सोपं जातं.

प्रवेश झाल्यावर वर्ग बंद करू नका. आपल्याकडे माणसं गळतात ती तयारीत नव्हे, पहिल्या सेमिस्टरच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पहिल्या इंटर्नल परीक्षेच्या आसपास. तोपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ तरी भेटा आणि तेच करा: त्या आठवड्यात कॉलेजात जे पान झालं ते वाचायचं, मिटायचं, सांगायचं, लिहायचं. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत कॉलेजात जा, विभागप्रमुखांना भेटा, ग्रंथालयाचं कार्ड त्याच दिवशी करून घ्या, मागच्या प्रश्नपत्रिका मागून त्यांच्या झेरॉक्स काढा. इंटर्नलमध्ये गुण कमी पडले तर उत्तरपत्रिका घेऊन गटात बसा आणि गुण कुठे गेले ते बघा. वाचन कमी पडलं, प्रश्न कळला नाही, की वेळ पुरला नाही, तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख गटातल्या एकाच व्यक्तीकडे सोपवा. ती तारीख तिने आठवडाभर आधी सगळ्यांना फोन करून सांगायची, मेसेज टाकून सोडायचं नाही.